लागोसमधलं बिटर लीफ : रोप, बाजारातला गोळा आणि सुकं पाकीट, तीन वर्षं वापरून

नायजेरियातल्या लागोसला येऊन आम्हाला अकरा वर्षं झाली. पहिली आठ वर्षं बिटर लीफ, म्हणजे इथली कडू पालेभाजी, मी बाजारातूनच आणायचे, तेही कधीतरी. गेली तीन वर्षं मात्र घराच्या मागच्या भिंतीलगत त्याची स्वतःची झाडं आहेत आणि आठवड्यातून दोनदा तरी पानं चुलीवर चढतात. नुकत्याच बदली होऊन आलेल्या दोघीतिघी विचारत होत्या, रोप घ्यावं का, बाजारातली तयार पानं बरी का, आणि मधुमेहावर खरंच चालतं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात जरा महागात मिळालेलं आहे, म्हणून एकदा सगळंच नीट लिहिते.

बिटर लीफला इग्बो लोक ओनुग्बू म्हणतात, योरुबा एवुरो, हौसा शुवाका. रुळलेलं शास्त्रीय नाव व्हर्नोनिया अमिग्डलिना. पान बदामाच्या पानासारखं लांबट म्हणून ‘अमिग्डलिना’. कुळ सूर्यफूल-शेवंतीचं. आपली सहदेवी आणि कडू जिरे ही त्याची जवळची भावंडं, पूर्वी शास्त्रज्ञ तिघांनाही व्हर्नोनियातच धरायचे. आजीने लहानपणी जंतांवर कडू जिरं पाजलेलं ज्यांना आठवत असेल, त्यांना या पानाचा पहिला घास ओळखीचा वाटेल.

माझी पहिली रोपं मी विकत घेतली, २०२२ च्या एप्रिलमध्ये. इथे मोठ्या रस्त्यांच्या कडेला, गटार आणि डांबर यांच्या मधल्या पट्ट्यात माळी लोक काळ्या पिशव्यांमधली रोपं मांडून बसतात, तशाच एका ठिकाणाहून. एका पिशवीचे पाचशे नायरा, पाच घेतल्या. आता तो भाव राहिलेला नाही. माळी बोलायला गोड होता. ‘मॅडम, हे सगळ्या आजारांवर चालतं, रोज भरपूर पाणी घाला,’ म्हणाला. घरी आणून जमिनीत लावताना दोन पिशव्या फाडल्या तर आत नुसत्या काड्या. मूळ नावाला नाही. आदल्या दिवशी कुणीतरी फांद्या तोडून मातीत खोचलेल्या असाव्यात, वरची पानं तेवढी अजून ताजी होती. आठवड्यात दोन्ही वाळल्या. तिसरी रोज पाणी घालून मी कुजवली. म्हणजे अडीच हजारांत दोन झाडं. तेव्हा घ्यायचीच असतील तर पिशवीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळं डोकावताहेत का ते बघा, आणि काडी दोन बोटांत धरून हलकेच वर ओढा. रुजलेली असेल तर माती धरून ठेवते.

पण खरं सांगायचं तर घ्यायची गरजच नाही. आमच्या भिंतीपलीकडे एक इग्बो बाई राहतात, साठीच्या पुढच्या. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘ममा’ म्हणते, त्या मला ‘माय डॉटर’. माझ्या वाळलेल्या काड्या भिंतीवरून त्यांनी पाहिल्या आणि किती पैसे दिले ते विचारलं. सांगितलं तर काही न बोलता आत गेल्या आणि कोयता घेऊन बाहेर आल्या. स्वतःच्या झाडाची एक जुनी फांदी तोडली आणि तिच्या वीत-दीड वीत लांबीच्या सात कांड्या करून भिंतीवर ठेवल्या. ‘ओनुग्बू विकत घेत नाहीत,’ एवढंच म्हणाल्या. मग गेटने आत आल्या आणि लावायचं कसं ते स्वतः करून दाखवलं.

त्यांची पद्धत अशी. कांडी हिरवी कोवळी नको, साल तपकिरी झालेली, अंगठ्याएवढी जाड हवी. खालचं टोक तिरपं कापायचं, वरचं सरळ, म्हणजे उलटी लावली जात नाही. जमिनीत उभी खोचायची नाही, आडवी कलती लावायची, निम्मी मातीत आणि निम्मी बाहेर. कलती लावली की प्रत्येक पेराला ऊन मिळतं आणि एका कांडीला तीन-चार ठिकाणी डोळे फुटतात. उभी लावली तर शेंड्याचा एकच डोळा सगळं ओढून घेतो. पाणी लावताना एकदा, मग पाऊस घालेल तेवढं. सातपैकी सहा जगल्या. दहाव्या-बाराव्या दिवशी सालीतून हिरवे टिपके वर आले, आणि दोन महिन्यांनी मी पहिली पानं खुडली.

जमीन म्हणाल तर आमच्याकडे तांबडी, कडक, पावसात चिकट आणि उन्हात विटेसारखी. तक्रार नाही. वाळूत राहणाऱ्या एका मैत्रिणीकडेही छान वाढलंय, फक्त तिला थोडं शेणखत घालावं लागलं. न तोडता सोडलं तर दोन पुरुष उंच होतं, मग पानं शिडी लावून काढायची वेळ येते आणि ती जून झालेली असतात. मी छातीच्या उंचीला शेंडे मारत राहते. जितकं छाटावं तितकं खालून भरगच्च फुटतं. त्या सहा झाडांची आता सलग कुंपणासारखी रांग झाली आहे. इथल्या गावांतून खरोखरच कुंपण म्हणून हे लावतात.

सगळ्यात बरा काळ मे ते जुलै, पावसाची झड असते तेव्हा. पानं वीतभर लांब, गडद आणि मऊ. डिसेंबरमध्ये हरमाटन सुरू झाला, म्हणजे सहाराकडून ती कोरडी धुळीची हवा येऊ लागली, की पानं लहान आणि जाड होतात, वर धुळीचा थर बसतो, कडूपणाही वाढल्यासारखा वाटतो. त्याच सुमाराला पांढुरकी बारीक फुलं येतात, झुपक्यांनी. सकाळी रांगेपाशी उभं राहिलं की मधमाश्यांचा घुं घुं आवाज येतो. फुलं येऊ दिली तर पानं कमी होतात हे मला माहीत आहे, तरी दोन झाडं मी मुद्दाम फुलू देते. कीड म्हणाल तर एकदाच त्रास झाला. काळ्या-पिवळ्या नाकतोड्यांची पिल्लं झुंडीने आली आणि एका झाडाला तीन दिवसांत चाळणी करून गेली. फवारणी केली नाही. पहाटे गारठलेली असतात तेव्हा फांदी बादलीत झटकून साबणाच्या पाण्यात पाडली. झाड पंधरवड्यात पुन्हा हिरवं झालं.

आता धुणं. बिटर लीफचं निम्मं काम इथेच आहे.

न धुतलेलं पान कारल्यासारखं कडू नाही. कारल्याचा कडूपणा जिभेवर येतो आणि थांबतो. हा घशात उतरतो आणि बराच वेळ तिथेच बसून राहतो. मी पहिल्या वेळी मेथीसारखी पानं चिरून, मीठ लावून, एकदा पिळून भाजीत घातली होती. कुणालाच दुसरा घास गेला नाही. मग ममांकडे जाऊन शिकले.

त्यांच्या अंगणात नळाखाली मोठी प्लॅस्टिकची परात. पानांचे देठ आणि मधली जाड शीर काढून टाकलेली. पानं मूठभर घ्यायची, थोडं पाणी शिंपडायचं आणि दोन्ही तळव्यांत कपड्याची कॉलर चोळावी तशी चोळायची. तिसऱ्या-चौथ्या घासणीला हिरवा फेस येतो, अगदी साबणासारखा दाट. पानांतल्या सॅपोनिन या द्रव्यामुळे हा फेस होतो. फेस उतू जायला लागला की पाणी ओतून टाकायचं, पानं पिळायची आणि पुन्हा नवं पाणी. पहिली तीन पाणी काळपट हिरवी. चौथं-पाचवं गवती रंगाचं. मनगटं दुखायला लागतात. नखांच्या कडा दोन दिवस हिरव्या राहतात आणि त्या हाताने डोळा चोळला तर पस्तावायची वेळ येते.

पाचव्या पाण्यानंतर ममांनी एक तुकडा उचलून दाढेखाली धरला, डोळे मिटून चावला आणि थुंकून दिला. ‘अजून एकदा.’ सहाव्यानंतर पुन्हा चावला. ‘आता बस. अजून धुतलंस तर गवत राहील.’ मला वाटलं होतं कडू पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. तसं नाही. किती ठेवायचं ते आधी मनाशी ठरवायचं आणि तिथे हात थांबवायचा. ममांचे यजमान होते तेव्हा त्यांना जास्त कडू आवडायचं, त्यांच्यासाठी चार पाणी. नातवंडं आली की सात.

बाजारातला तयार गोळा मला याच कारणामुळे फारसा पटत नाही. बाजारात बायका धुतलेल्या पानांचे मुठीएवढे गोळे टोपलीत रचून विकतात. ‘कस्टमा, या, माझं बघा, स्वच्छ धुतलंय,’ अशी हाक येते. वेळ नसेल तर तो गोळा मोठी सोय आहे, मी स्वतः वर्षानुवर्षं वापरलाय आणि त्या बायकांच्या कष्टाला नावं ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही, पहाटेपासून त्यांचे हात त्या पाण्यात असतात. पण सगळ्यांना चालावं म्हणून तो इतका धुतलेला असतो की चवीला पान जेमतेम शिल्लक राहतं. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही त्या पाण्याबरोबर जातात. शिवाय कुठल्या पाण्यात धुतलंय ते कळत नाही, म्हणून घरी आणून एकदा उकळून घ्यायलाच हवा. घेताना नाकाजवळ धरून बघा. ताज्या गोळ्याला ओल्या पाल्याचा वास येतो, आदल्या दिवशीचा आंबूस लागतो.

सुक्या पानांची पाकिटं सुपरमार्केटात मिळतात. दोनदा घेतली. एकाचं ठीक होतं, तासभर कोमट पाण्यात भिजवून बिटर लीफ सूपमध्ये चाललं. दुसऱ्यात बारीक रेती निघाली आणि वास कोंदट. त्यावर नाफडॅकचा, म्हणजे इथल्या अन्न-औषध नियंत्रण संस्थेचा, नोंदणी क्रमांक नव्हता, हे मी घरी आल्यावर पाहिलं. दुकानात उभं असतानाच बघायला हवं होतं. आता मी स्वतःचीच सुकवते. धुतलेली पानं सावलीत, जाळीखाली, फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत तीन दिवसांत कुरकुरीत होतात. उन्हात सुकवली तर काळी पडतात.

स्वयंपाकाचं थोडक्यात. ओफे ओनुग्बू म्हणजे इथलं खरं बिटर लीफ सूप. कोकोयाम, म्हणजे आपल्या अळकुड्यांच्या जातीचा कंद, उकडून कुटायचा आणि त्याने रस्सा दाट करायचा. पामतेल, सुकी मासळी, मांस, आणि ओगिरी, हा आंबवलेल्या बियांचा उग्र वासाचा लगदा. पानं अगदी शेवटी. पामतेलाचा जाडपणा आणि पानाचा कडवट धागा एकमेकांना धरून राहतात, दोन्हीपैकी एक काढलं तर सूप उभं राहत नाही. एगुसी, म्हणजे कलिंगडाच्या जातीच्या बियांच्या सूपमध्येही ही पानं छान लागतात. शेजारच्या कॅमेरूनमध्ये याच पानांचं शेंगदाण्याच्या वाटणातलं न्डोले करतात, दाण्याचं कूट आवडणाऱ्या मराठी माणसाला ते पहिल्या घासात पटेल. घरी रोजच्याला मी पाच पाणी धुतलेली पानं मूगडाळीत घालते, वरून लसणाची फोडणी. आणि एक गंमत बघा, खाऊन झाल्यावर साधं पाणी प्यायलात तर गोड लागतं.

आता औषधाचं, जे मला सगळ्यात काळजीने लिहायचंय.

बिटर लीफची ताकद खरी आहे. १९८७ मध्ये टांझानियात, महाले डोंगरांच्या राष्ट्रीय उद्यानात, मायकेल हफमन हे संशोधक आणि मोहमदी सैफू कलुंडे हे टोंग्वे जमातीचे वैद्यकी जाणणारे वनअधिकारी चौसिकू नावाच्या एका मादी चिंपांझीच्या मागावर होते. ती आजारी होती, सुस्त पडून असायची. तिने याच झाडाच्या कोवळ्या फांद्या तोडल्या, साल आणि पानं काढून टाकली, आतला गर चावून रस चोखला आणि चोथा थुंकला. दुसऱ्या दिवसापर्यंत ती सावरली होती. पुढे महालेच्या चिंपांझींमध्ये हा गर चावण्याचा संबंध आतड्यातल्या जंतांशी जोडला गेला, आणि टोंग्वे लोकही पोटाच्या तक्रारींवर हेच झाड वापरतात. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती एक बारीक गोष्ट. तिने पानं टाकून दिली. पानांत आणि सालीत व्हर्नोडालिन हे कडू आणि विषारी द्रव्य गरापेक्षा बरंच जास्त असतं. ममांनी तुकडा दाढेखाली धरून ‘आता बस’ म्हणणं आणि चौसिकूने पानं बाजूला काढणं, दोन्हींत मात्रा कळते.

आम्हाला ती कळली नाही. ह्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. कामावरच्या एकाने सांगितलं, बिटर लीफचा कच्चा रस रोज सकाळी ग्लासभर घ्या, साखर पळून जाते. झाड दारात, मिक्सर घरात. मी स्वतःच्या हाताने न धुतलेली पानं वाटून, गाळून दिली. चार दिवस सगळं छान, घरच्या मशीनवर आकडे खाली आलेले पाहून आम्ही खूश. पाचव्या दिवशी हे घाईत नाश्ता न करता रस आणि गोळी घेऊन गेले. अकराच्या सुमारास फोन आला, बोलणं अडखळत होतं. घामाने शर्ट चिंब, हात थरथरताहेत, समोरचं धूसर दिसतंय. तिथल्या दवाखान्यात तपासलं तर साखर ५८. लगेच ग्लुकोज दिलं म्हणून पुढचं टळलं. मी पोचले तेव्हा हे भिंतीला टेकून बसले होते आणि मला बघून हसायचा प्रयत्न करत होते. तो चेहरा मी विसरलेली नाही.

डॉक्टरांनी ओरडा केला नाही, नीट समजावलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या पानांनी साखर उतरल्याचं दिसलंय, माणसांवरचे पक्के पुरावे थोडे आहेत, आणि घरच्या ग्लासात किती द्रव्य उतरलं हे कुणालाच मोजता येत नाही. त्यात आधीच साखर उतरवणारी गोळी आणि रिकामं पोट. रस बंद. धुऊन शिजवलेली भाजी चालेल, बेताने, जेवणाबरोबर. तेव्हापासून तसंच आहे आणि काही त्रास नाही.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर कच्चा रस डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घोटही नको. गरोदर बाईला तर मुळीच नको, हे ममांनीही मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ताप आला तर आधी मलेरियाची तपासणी, बिटर लीफच्या भरवशावर दोन दिवस घालवू नका, मलेरिया तेवढा वेळ देत नाही. बसस्टॉपवर बाटल्यांतून आग्बो विकतात, झाडपाल्याचे काढे, त्यांतही हे पान असू शकतं, आणि आत अजून काय आहे ते बाटली सांगत नाही. घरात आम्ही औषधी म्हणून एकच वापर ठेवलाय. कोवळी काडी दातवण म्हणून. इथे तशीच वापरतात, आणि सकाळी तोंड खरंच स्वच्छ राहतं.

गुण द्यायचे तर घरच्या झाडाला पाचपैकी पाच. अडचणीच्या दिवशी बाजारातल्या गोळ्याला तीन. क्रमांक असलेल्या पाकिटाला दोन, नसलेल्याला शून्य. रस्त्याकडेच्या रोपांना मी दोनच देईन, कारण पाचांतल्या दोन काड्या मुळांशिवायच माझ्या हातात दिल्या होत्या.

ममा यंदा जानेवारीत मुलाकडे एनुगूला राहायला गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या भाडेकरूंनी भिंतीपलीकडचं जुनं झाड तोडून तिथे गाडी ठेवायला जागा केली. गेल्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस झाला तशी मी माझ्या रांगेतली जाड फांदी उतरवली, खालचं टोक तिरपं, वरचं सरळ अशा नऊ कांड्या केल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि एनुगूच्या बसने पाठवून दिल्या. काल फोन आला. नऊही कलत्या लावल्यात म्हणाल्या, आणि विचारलं, ‘किती पाणी धुतेस आता?’ मी म्हटलं, पाच.